नागपूरची ईव्ही, शेजारच्या गावाचा चार्जर: नियम कसे ताडून बघायचे

मागच्या दिवाळीत माझ्या भाच्याने इलेक्ट्रिक कार घेतली. राहतो नागपूरच्या मनीष नगरला, सासर छिंदवाड्याचं, आणि कामासाठी महिन्यातून दोनदा अमरावती. गाडी घरी आली त्याच आठवड्यात त्याचा फोन, "मामा, चार्जिंगचा नागपूरचा नियम काय, अमरावतीचा काय आणि छिंदवाड्याचा काय, मला एका कागदावर लिहून द्या ना." मी लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की प्रश्नच थोडा उलटा आहे. "नागपूरचा नियम" अशी एक वस्तू कुठे ठेवलेलीच नाही. थोडं दिल्लीतून ठरतं, बरंचसं राज्य ठरवतं, उरलेलं महापालिका किंवा नगरपरिषद, आणि शेवटचा तुकडा तुमची सोसायटी. त्यामुळे शहराचं नाव घेऊन शोधत बसलात की हाती गोंधळच येतो. कोणती गोष्ट कोणाच्या हातात आहे हे आधी वेगळं केलं की नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा ही सगळी गावं बऱ्यापैकी सारखीच निघतात, आणि खरा फरक सावनेरच्या पुढे राज्याची हद्द ओलांडली की सुरू होतो.

त्याला जे लिहून दिलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, नवीन गाडी घेतलेल्या कोणालाही उपयोगी पडेल.

पायरी १: आधी चार खाने करा

एक वही घ्या किंवा मोबाईलमध्ये नोट उघडा आणि चार खाने पाडा: केंद्र, राज्य, गाव, सोसायटी.

केंद्राच्या खान्यात जे येतं ते सगळीकडे सारखं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीज विकणं नाही, म्हणून चार्जिंग स्टेशन टाकायला वीज विक्रीचं लायसन्स लागत नाही. हे नागपूरला लागू, शिवनीलाही लागू आणि रायपूरलाही. घरी किंवा ऑफिसला आहे त्याच वीज कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करता येते हेही केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे कोणी वायरमन किंवा शेजारी म्हणाला की "घरच्या मीटरवर गाडी लावली तर दंड होतो", तर तसं नाही हो, शांतपणे सांगा.

राज्याच्या खान्यात विजेचा दर, ईव्ही धोरण, रोड टॅक्स आणि टोलची सूट. गावाच्या खान्यात इमारतीची परवानगी, मालमत्ता कर, पार्किंग. सोसायटीच्या खान्यात वायर कुठून जाणार, मीटर कुठे बसणार आणि बिल कोण भरणार. आता कोणताही नवीन नियम कानावर आला की आधी विचारायचं, हा कोणत्या खान्यातला? निम्मा गोंधळ इथेच संपतो.

पायरी २: आधी स्वतःचं घर नीट करा

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण गाडीचं बहुतेक चार्जिंग घरीच होतं आणि चुकाही इथेच होतात.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरपत्रकात सार्वजनिक चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा वर्ग आहे, पण तुम्ही स्वतःच्या घरात स्वतःची गाडी चार्ज करत असाल तर बिल घरगुती दरानेच येतं. ऐकायला छान वाटतं, पण घरगुती दराला टप्पे आहेत, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर, आणि वरच्या टप्प्याचं युनिट बरंच महाग. समजा गाडी महिन्याला १००० किमी चालते आणि भिंतीतून घेतलेल्या एका युनिटला साधारण साडेसहा किमी जाते, म्हणजे दीडशे युनिट झाले. घरचा वापर २२० असेल तर बेरीज ३७०, त्यातले ८० युनिट दुसऱ्या टप्प्यात बसले आणि ७० तिसऱ्यात गेले. आता मे महिना धरा, कूलर दिवसरात्र, रात्री एसी, घरचाच वापर ४०० वर गेलेला, त्यात हे दीडशे टाकले की ५५० आणि वरचे ५० युनिट थेट सगळ्यात महागाच्या टप्प्यात. म्हणून शोरूममधला माणूस "एक रुपया किलोमीटर" सांगतो तो हिशोब तसाच घेऊ नका, स्वतःचं मे महिन्याचं बिल काढा आणि त्याच्यावर गाडीचे युनिट चढवून बघा.

दुसरा रस्ता म्हणजे ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले, त्यात ग्राहकाने मागितलं तर गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन द्यायचं असं आलं. त्याला वेगळा स्थिर आकार, म्हणजे वापर असो-नसो दरमहा लागणारी रक्कम, भरावा लागतो, त्यामुळे स्कूटरसाठी हा खटाटोप मला परवडणारा वाटत नाही. पण मोठी कार, रोजचं फिरणं आणि घरचा वापर आधीच ३०० च्या वर असेल तर ताज्या दरपत्रकावर दोन्ही हिशोब नक्की मांडून बघा.

घरी स्मार्ट मीटर बसला असेल तर अजून एक गोष्ट. १ जुलै २०२५ पासून महावितरणने घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू केली. आपली गाडी त्या वेळात ऑफिसला उभी असते हे खरं, पण रविवारी आणि सुटीच्या दिवशी रात्री लावायची सवय मोडून दुपारी लावली तर फायदा आहे. दुसऱ्या गाडीच्या बाबतीत, म्हणजे घरीच उभी राहणारी आईची स्कूटर वगैरे, तर रोजच फायदा.

आता सुरक्षा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम या बाबतीत स्पष्ट आहेत आणि ते प्रत्येक शहरात तेच आहेत. चार्जिंगचा सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर पाहिजे, म्हणजे अडीच फुटाच्या थोडं वर. गाडी उभी केल्यावर तिचं चार्जिंगचं तोंड पॉइंटपासून ५ मीटरच्या आत आलं पाहिजे. चार्जरच्या वायरला जोडून दुसरी एक्स्टेंशन वायर लावायची नाही. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरवर ट्रिप होणारं संरक्षण, ज्याला आपला वायरमन आरसीसीबी म्हणतो.

८०० मिलिमीटरचं महत्त्व नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, किती बेसमेंट आणि पार्किंग भरले ते आपण सगळ्यांनी बघितलं. माझं स्वतःचं मत आहे की तळमजल्याला पॉइंट घेताय आणि जागा सखल आहे तर ८०० वर थांबू नका, छातीच्या उंचीवर घ्या, थोडी वायर जास्त लागेल एवढंच.

एक्स्टेंशनचं तर हात जोडून सांगतो. आमच्याच गल्लीत एका घरी खिडकीतून घरगुती बोर्ड बाहेर काढून स्कूटर लावायचे, एका रात्री प्लग वितळून काळा झाला. जीव वाचला, गाडीही वाचली, पण ते बघितल्यापासून मी कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो की पॉइंटला वायर कुठून आणली? आणि महाल, इतवारीतल्या जुन्या घरांमध्ये राहणाऱ्यांनी आधी अर्थिंग तपासून घ्या. बऱ्याच कार चार्जरना नीट अर्थिंग मिळालं नाही तर ते चार्जिंग सुरूच करत नाहीत, लाल दिवा दाखवतात आणि लोकांना वाटतं चार्जर खराब आहे.

लोडचंही बघा. १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर कार साधारण ३ किलोवॅटने चार्ज होते, भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा बॉक्स घेतला तर एकट्या गाडीलाच ३२ अँपिअर. बिलावर मंजूर भार, म्हणजे तुमच्या घराला एका वेळी किती किलोवॅट घ्यायला परवानगी आहे ते, लिहिलेला असतो, तो कमी असेल तर महावितरणच्या वेबसाईटवरून किंवा ॲपवरून भारवाढीचा अर्ज करा आणि तो मंजूर झाल्यावरच बॉक्स बसवा.

सोसायटीत राहणाऱ्यांनी तीन गोष्टी लेखी मागा: आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर न्यायची परवानगी, ती कोणत्या मार्गाने जाणार त्याचा साधा नकाशा, आणि कॉमन मीटरवरून घ्यायची असेल तर सब-मीटरचा दर. तोंडी "हो हो घ्या ना" वर काम सुरू केलं आणि पुढच्या वर्षी कमिटी बदलली की भांडण ठरलेलं.

पायरी ३: महाराष्ट्रातली शेजारची गावं

वर्धा नागपूरपासून सुमारे ७५ किमी, भंडारा ६० च्या आसपास, अमरावती आणि चंद्रपूर दीडशेच्या घरात. सगळीकडे महावितरणच आहे, आयोग एकच, दरपत्रक एकच. म्हणजे अमरावतीला भावाच्या घरी गाडी लावली तर टप्पे तेच, नियम तेच. इथे तुलना करण्यात वेळ घालवू नका. फरक पडतो तो खालच्या गोष्टींत.

पहिला, कनेक्शन किती दिवसांत. त्याच फेब्रुवारी २०२४ च्या सुधारणेत नवीन कनेक्शनची मुदत महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दीत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी केली आहे, अर्थात जिथे नवीन लाईन ओढायची नाही तिथे. नागपूरच्या कडेला प्लॉट घेतलेल्यांनी आपली हद्द नेमकी कोणाची ते बघा. एकाच रस्त्याच्या अलीकडे महापालिका आणि पलीकडे ग्रामपंचायत असं आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे, आणि तेवढ्याने मुदत बदलते.

दुसरा, बांधकाम परवानगी कोण देतं. शहरात महापालिका किंवा काही भागात नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), शहराबाहेर एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), कामठीला नगरपरिषद आणि छावणीच्या भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड. घरच्या पॉइंटसाठी याचा त्रास होत नाही. पण दुकानासमोर किंवा ढाब्यावर सार्वजनिक चार्जर टाकायचा विचार असेल तर आधी तो प्लॉट कोणाच्या हद्दीत आहे हे विचारा आणि मग पुढचं बोला.

तिसरा फरक गावाचा नाही, तो इमारतीच्या वयाचा आहे, आणि फ्लॅट घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. महाराष्ट्राच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात नवीन निवासी इमारतीत किमान २० टक्के पार्किंग ईव्ही-रेडी, म्हणजे चार्जिंग पॉइंट लावता येईल असं तयार, ठेवायचं होतं. २०२५ च्या धोरणात नवीन निवासी इमारतींसाठी ते १०० टक्के केलं, वर किमान एक सामायिक चार्जर. म्हणजे वर्ध्याला असो की बेसाला, बिल्डरला विचारायचं की नकाशा कधी मंजूर झाला, आणि ईव्ही-रेडी म्हणजे तुम्ही नेमकं काय देताय, नुसता पाईप टाकून ठेवलाय की पॅनलमध्ये लोडही धरलाय? नुसत्या पाईपला ईव्ही-रेडी म्हणून विकणारे आहेत, फसू नका.

चौथा, मालमत्ता कर. घरी चार्जर लावणाऱ्याला करात सूट द्यावी असं २०२१ च्या धोरणात स्थानिक संस्थांना सुचवलेलं होतं, पण देणार की नाही हे त्या त्या गावाने ठरवायचं. त्यामुळे आपल्या झोन ऑफिसला जाऊन लेखी विचारा, कोणीतरी सांगितलं म्हणून गृहीत धरू नका.

आणि सार्वजनिक चार्जरची संख्या. २०२१ च्या धोरणात नागपूरला १५० आणि अमरावतीला ३० स्टेशनचं लक्ष्य दिलं होतं. ज्या सात शहरांना आकडा दिला त्यात वर्धा, भंडारा, चंद्रपूर नव्हते. आज परिस्थिती पुढे गेली असली तरी कल निघण्याआधीच कळतो: नागपूर सोडलं की पर्याय कमी होत जातात, म्हणून लहान गावाला जाताना एका चार्जरच्या भरवशावर जाऊ नका, दुसरा कुठे आहे ते निघण्याआधी बघून ठेवा. महावितरणचे स्वतःचे चार्जर पॉवरअप ॲपवर दिसतात, खाजगी कंपन्यांची ॲप वेगळी.

पायरी ४: हद्द ओलांडली की नवीन पान

सावनेरच्या पुढे गेलं की सौंसर, मध्य प्रदेश. बोलीभाषा तीच, बाजारात मराठी तीच, पण विजेचं सगळं वेगळं. छिंदवाडा आणि शिवनी हे जबलपूरच्या पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे, नियामक आयोग मध्य प्रदेशचा, धोरणही त्यांचं, २०२५ मध्ये नवीन आलेलं. देवरीच्या पुढे बाघनदी ओलांडली की छत्तीसगड, तिथे सीएसपीडीसीएल ही तिथली वीज वितरण कंपनी आणि २०२२ चं धोरण. आपले टप्पे, आपली ९ ते ५ ची सवलत, आपली टोलची सूट यातलं काहीही सोबत येत नाही.

भाच्याला मी म्हटलं, सासुरवाडीला रात्रभर गाडी लावणार असशील तर आधी सासऱ्यांचं एक बिल मागव आणि त्यावर चार गोष्टी बघ: मंजूर भार किती, महिन्याचा वापर किती, टप्पा कुठे बदलतो आणि स्थिर आकार कसा लागतो. एका रात्रीत ३० युनिट घेतले तर त्यांच्या बिलावर काय चढतं हे जावयाने विचारून घेतलेलं बरं, ते तर काही बोलणार नाहीत.

सार्वजनिक चार्जरवर मात्र घरगुती दराचा संबंधच नाही. तिथे तुम्ही जे देता ते म्हणजे स्टेशनवाल्याला पडलेली वीज, त्याचा सेवा आकार आणि वर १८ टक्के जीएसटी. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या सूचनांप्रमाणे स्टेशनला मिळणारी वीज सकाळी ९ ते दुपारी ४ सरासरी पुरवठा खर्चाच्या (वीज कंपनीला एक युनिट पोचवायला सरासरी जे पडतं त्याच्या) ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट अशी धरायची आहे, आणि ही रचना ३१ मार्च २०२८ पर्यंतची. लक्षात घ्या, ही ९ ते ४ ची वेळ स्टेशनची आहे आणि वरची ९ ते ५ ची आपल्या घरच्या स्मार्ट मीटरची, दोन्ही लोक सारखे एकत्र करतात. दर शेवटी कोणत्या राज्यात कसे उतरले ते त्या त्या आयोगाच्या आदेशात असतं, म्हणून ॲपवर दिसणारा आकडा जीएसटी धरून आहे की सोडून, आणि दुपारचा आहे की रात्रीचा, एवढं बघितल्याशिवाय दोन शहरांची तुलना करू नका. १८ रुपये अधिक जीएसटी आणि २० रुपये सगळं धरून, यात दुसरा स्वस्त आहे.

पायरी ५: प्रत्यक्ष निघताना

छिंदवाड्याचा रस्ता चढाचा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, छिंदवाडा पावणेसातशेच्या घरात, मध्ये सिल्लेवानीचा घाट. दीड-पावणेदोन टनाची गाडी साडेतीनशे मीटर वर न्यायला दीड ते दोन युनिट जास्तीचे लागतात, परत येताना त्यातले थोडे ब्रेकिंगमधून मिळतात. फार नाही, पण मेमध्ये एसी फुल, गाडीत पाच जण आणि डिक्की भरलेली असली की सगळं मिळून जाणवतं. एकशे तीस किमीच्या या रस्त्याला मी ८० टक्क्यांच्या खाली निघत नाही. शिवनीकडे जाताना मनसर, देवलापारनंतर पेंचचं जंगल लागतं, त्या पट्ट्यात चार्जर शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका, मनसरच्या आधीच आकडा बघून निर्णय घ्या.

समृद्धी महामार्गाने जाणार असाल तर २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक कारला तिथे पूर्ण टोलमाफी आहे, पण फास्टॅगचा मेसेज बघत जा आणि पैसे कापले गेले तर लगेच तक्रार नोंदवा. रायपूर किंवा शिवनीच्या नॅशनल हायवेवर ही माफी गृहीत धरू नका. स्कूटरवाल्यांनो, समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. आणि १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० ने चालवायलाच पाहिजे असं नाही ना, ८० च्या तुलनेत १२० ला हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, रेंज डोळ्यासमोर उतरते.

प्लगचं एकदाच समजून घ्या. आजच्या बहुतेक कार फास्ट चार्जिंगला सीसीएस२ वापरतात, हळू चार्जिंगला टाइप २. स्कूटरचं वेगळं, कंपनीगणिक बदलतं, कारच्या फास्ट चार्जरवर स्कूटर लागत नाही. त्यामुळे नकाशावर ठिपका दिसला म्हणून खूश होऊ नका, त्या ठिपक्यावर कोणती गन, म्हणजे चार्जरच्या वायरचा प्लग, आहे ते उघडून बघा.

निघण्याआधी स्टेशनवर फोन लावा. चालू आहे का, आत्ता कोणी लावलंय का, रात्री गेट उघडं असतं का, पैसे यूपीआयने घेता की ॲपच्या वॉलेटमधूनच. शेवटचा प्रश्न मी अमरावती रोडवर शिकलो. एका कंपनीच्या चार्जरवर वॉलेटमध्ये ५०० रुपये टाकले, ३८ टक्क्यांवर मशीन बंद पडलं, आणि उरलेले पैसे परत यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून लागतील तेवढेच टाकतो आणि मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवतो, सुरुवातीला एक आणि शेवटी एक. तक्रार करताना तोच फोटो कामाला आला.

पायरी ६: वहीत तारीख टाका

प्रत्येक ओळीपुढे लिहा की हे कधी बघितलं. केंद्राची स्टेशनच्या दराची रचना ३१ मार्च २०२८ पर्यंत, महाराष्ट्राचं धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत, आणि विजेचे दर तर बहुधा दर वर्षी एप्रिलच्या आसपास हलतात. म्हणून एप्रिलमध्ये आयोगाच्या साईटवरचा नवीन आदेश उघडा, त्यात घरगुती वर्ग आणि ईव्ही चार्जिंगचा वर्ग एवढी दोनच पानं वाचा. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे आदेश हिंदी-इंग्रजीत असतात, "ईव्ही चार्जिंग" असं शोधलं की पान सापडतं.

वीज कंपनीची तक्रार तिन्ही राज्यांत १९१२ वर करता येते, पण ग्राहक क्रमांक ज्या घरचा आहे त्याच घरचा द्यावा लागतो. भाच्याने छिंदवाड्याच्या बिलाचा फोटो आता गाडीच्या कागदांसोबतच ठेवला आहे.